दुपारची पाळी, भोर–स्वारगेट

दुपारी १२:३०
भोर डेपो. मशीनला रोल भरला, सुट्टे मोजून पिशवीत टाकले, वेबिल घेतलं.

१:००
शिरवळची फेरी. कंपनीत दुसऱ्या पाळीला जाणारी पोरं, बाकी किरकोळ.

२:४५
स्वारगेट गाडी. चेलाडी फाट्यावर वेल्ह्याकडची माणसं चढली. विंझरच्या एक मावशी तांदळाचं गाठोडं घेऊन लेकीकडे निघालेल्या. "मास्तर, अर्धं द्या." २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून या मावशी वरचेवर दिसतात. भाडं आवाक्यात आलं की माणूस घराबाहेर पडतो, हे मी रोज दारात उभा राहून पाहतो.

३:४०
खेड शिवापूरचा टोलनाका. आमच्या गाडीत उभे धरून पन्नासच्या वर, शेजारच्या मोटारीत एकटा माणूस, त्याच्या पुढच्या मोटारीतही एकटाच. रांग सगळ्यांना एकच. पुणे–सातारा १४० किलोमीटरच्या सहापदरीचं काम २०१० ला सुरू झालं; अडीच वर्षांत व्हायचं ते वर्षानुवर्षं रेंगाळलं. रस्ता रुंद झाला तशा मोटारी वाढल्या आणि एसटी होती तिथंच अडकून राहिली. आता वरवे बुद्रुकला ११० मीटर रुंदीचा रिंगरोड येऊन मिळायचा आहे. त्यालाही जमीन भोर तालुक्याची जाते.

४:४५
स्वारगेट. चहा घेताना मनात हाच हिशेब. पुण्याहून लोणावळा रेल्वेने ६४ किलोमीटर, तिथं १९७८ पासून लोकल धावते. तळेगावचा माझा मेव्हणा पास काढून शिवाजीनगरला नोकरी करतो. भोर तर पन्नासेक किलोमीटरवर. पण भोर आणि वेल्हे (आताचा राजगड), दोन्ही तालुक्यांत रेल्वे स्टेशन नाही. मिरजेची लाईन जेजुरी, नीरा, लोणंद करत पूर्वेकडूनच निघून जाते. कात्रजचा डोंगर आडवा येतो, खर्च झेपणार नाही, असं म्हणतात. तोच डोंगर रस्त्यासाठी दोनदा पोखरलाय. मेट्रो स्वारगेटहून कात्रजपर्यंत न्यायला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली: ५.४६ किलोमीटर, सुमारे २,९५५ कोटी. रूळ महाग पडतात, मान्य. पण एकदा पडले की एका फेरीत हजारावर माणसं नेतात, आणि ती माणसं टोलनाक्यावर खोळंबत नाहीत.

५:३०
परतीची गाडी. पाय ठेवायला जागा नाही. कात्रजपर्यंतच पाऊण तास गेला. मार्गासनीची एक कॉलेजची मुलगी सारखी घड्याळ बघत होती. चेलाडीहून वेल्ह्याची शेवटची गाडी चुकेल म्हणून. बोगद्याच्या अलीकडे पुन्हा रांग लागली. मी त्या गाडीच्या कंडक्टरला फोन लावला, "दहा मिनिटं थांब रे, पाच-सहा जण आहेत." तो म्हणाला, "दहाच. पुढं विंझरची माणसं ओरडतात."

७:४०
चेलाडी फाटा. गाडी थांबली होती. पोरगी धावत गेली, मागोमाग बाकीचे. आज जमलं. परवा जमलं नव्हतं, तेव्हा तिचे वडील अंधारात दुचाकी घेऊन आले होते.

९:००
डेपोत पैसे भरले, मशीन जमा केलं. घरी जेवून आमदारांना द्यायचं निवेदन पुरं केलं. मागण्या दोन. कात्रजची मेट्रो डोंगर ओलांडून नसरापूरपर्यंत न्यायचा अभ्यास या वर्षीच सुरू करावा. आणि ती येईतो खेड शिवापूर ते स्वारगेट सहापैकी एक पदर, गर्दीच्या वेळेपुरता, फक्त बसला द्यावा. खाली सह्यांसाठी दोन पानं कोरी सोडली आहेत. उद्या गाडीतच फिरवतो.