ऊब आणि अंडी – ९ : बर्फाच्या पेल्यातलं शून्य

या वेळी ओलीबद्दल लिहिणार होतो. पण देवरुखहून एका वाचकांचं पत्र आलं आणि ओल आठवडाभर लांबली. त्यांनी वनखात्याला कळवून, परवानगीने, पायाच्या खोदाईत सापडलेली धामणीची अंडी पेटीत ठेवली आहेत. पेटीत थर्मामीटर दोन. एक सांगतो २९, दुसरा ३१. "कुणाचं खरं मानू?"

बहुधा कुणाचंच नको. दोन घड्याळं वेगवेगळी चालत असतील, तर सरासरी काढून कुणी एसटी गाठत नाही.

दोन अंश म्हणजे किती, ते मगरीला विचारावं. मद्रास क्रोकोडाइल बँकेत मगरीची अंडी वेगवेगळ्या स्थिर तापमानांना उबवून पाहिली, त्याचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. २८ ते ३१ अंशांत सगळ्या माद्या. ३२.५ला सगळे नर. ३३ला पुन्हा दोन्ही मिसळलेले. म्हणजे सगळ्या माद्या आणि सगळे नर यांच्यामध्ये जेमतेम दीड अंश! आपल्या वेळास-आंजर्ल्याला येणाऱ्या ऑलिव्ह रिडलेचंही तसंच, फक्त तिथे उलटं : गार वाळूत नर, उबदार वाळूत माद्या, आणि पारडं फिरतं ते २९-३०च्या आसपास. धामणीची पिल्लं नर की मादी हे गुणसूत्रंच ठरवतात, त्यामुळे पत्रलेखकांना ती काळजी नाही. दुसरी आहे.

ती मी स्वतः भोगली आहे. माशांची थर्माकोलची पेटी, तळाला गरम होणारी केबल, वर ओलसर कोकोपीटमध्ये धामणीची अकरा अंडी. थर्मोस्टॅटवर २९चा हिरवा आकडा. मी रोज तो बघून समाधानाने चहा प्यायचो. पिल्लं माझ्या हिशेबापेक्षा आठवडाभर आधी बाहेर आली आणि त्यातल्या दोघांच्या पाठीला बाक होता. नंतर पेटी उपसली, तेव्हा कळलं की सेन्सर झाकणाजवळ लोंबत होता, अंडी केबलजवळ होती. वरच्या हवेला २९ राखायला खालची केबल जीव तोडून तापत होती. आकडा खरा होता, पण हवेचा. तेव्हापासून माझा सेन्सर अंड्यांच्या शेजारी, त्यांच्याच उंचीवर, कोकोपीटमध्ये अर्धा पुरलेला असतो.

आता थर्मामीटरची परीक्षा. त्याला लागतो फक्त बर्फ, पण तो नीट लागतो. स्वच्छ पाण्याचा बर्फ फडक्यात बांधून बत्त्याने बारीक करायचा, थर्मासमध्ये काठोकाठ दाबून भरायचा आणि मधल्या फटी भरतील एवढंच गार पाणी घालायचं. पेलाभर पाण्यात चार खडे तरंगत ठेवाल तर फसाल. पाणी सगळ्यांत जड असतं ४ अंशांना, ते तळाशी जाऊन बसतं, आणि तुम्ही तिथे सेन्सर टेकवून थर्मामीटरला शिव्या देता. ढवळायचं, सेन्सर मधोमध धरायचा, भिंतीला टेकवायचा नाही, चार मिनिटं थांबायचं. शून्य यायला हवं.

उकळत्या पाण्याची परीक्षा मला आवडत नाही. पुण्यात माझ्या घरी, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, पाणी ९८ अंशांनाच उकळतं. शिवाय अंड्यांचा कारभार तिशीच्या आसपास, शंभराशी आपलं काय काम?

पण शून्याला बरोबर असलेला थर्मामीटर तिशीला चुकू शकतो. त्यासाठी घरातला डिजिटल ताप मोजायचा थर्मामीटर काढा. तापाचा कुठलाही चांगला थर्मामीटर ३७च्या आसपास दशांशापर्यंत भरवशाचा असतो. थर्मासमध्ये कोमट पाणी घ्या, दोन्हींची टोकं शेजारी धरून ढवळत राहा. एकच सावधगिरी : तापाचा थर्मामीटर सगळ्यांत वरचा आकडा धरून ठेवतो, पाणी निवलं तरी खाली येत नाही. म्हणून तो पीं करील त्याच क्षणी दुसऱ्याचा आकडा टिपायचा. फॅरनहाइट दाखवत असेल तर ९८.६ म्हणजे ३७.

माझ्या जुन्या थर्मामीटरला चिकटपट्टी लावलेली आहे, तीवर बॉलपेनाने "०.८ वजा" लिहिलंय. शाई पुसट होते, दरवर्षी गिरवतो. चुकणारा थर्मामीटर फेकायची गरज नसते, रोज तेवढाच चुकत असेल तर तो कामाचा. कधी इकडे, कधी तिकडे चुकणारा मात्र मुलांना खेळायला द्यावा.

वाळूतल्या घरट्याचं आणखी एक. खोलवर खुपसलेल्या नळीतून काचेचा थर्मामीटर दोरीने सोडतात आणि वर ओढून वाचतात. वर येईपर्यंत उन्हाने आकडा चढलेला! हवामानवाल्यांची जुनी युक्ती आहे : पाऱ्याचा फुगा मेणात बुडवून ठेवायचा. मेण सावकाश तापतं, सावकाश निवतं, वाचायला सवड मिळते. मात्र खाली तेवढाच जास्त वेळ ठेवावा लागतो. मेणबत्ती वितळवून मी तसा एक केलाय, दिसायला अगदीच गबाळा, पण चालतो.

देवरुखकरांना विनंती : अंड्यांना हात लावू नका, ती आहेत त्याच कुशीवर राहू द्या. फक्त दोन्ही थर्मामीटर काढून एकाच बर्फात बुडवा आणि आकडे कळवा. ओल पुढच्या आठवड्यात. नक्की.