सामायिक गुपिताचा शोध : वऱ्हाडातील घरगुती वायफाय

घरच्या वायफायचा पासवर्ड विसरला असे म्हणण्याची रीत असली, तरी अमरावती आणि अकोला या शहरांतील पुष्कळ घरांत तो मुळात कोणी लक्षात ठेवलेलाच नसतो. जोडणी द्यायला आलेला तरुण खिडकीच्या चौकटीतून तार आत घेतो, टीव्हीशेजारी राऊटरचा डबा बसवतो, घरातील एकदोघांच्या फोनवर पासवर्ड टाकून देतो आणि पुढच्या घरी निघून जातो. त्या दिवसापासून तो शब्द फोन स्वतःजवळ सांभाळतो आणि उंबरठ्याच्या आत येताच काही न विचारता जोडला जातो. एटीएम कार्डाचा चार आकडी पिन निदान महिन्याकाठी बोटांखालून जातो, पण वायफायचा पासवर्ड वर्षानुवर्षे अहोरात्र वापरात असूनही कोणाच्या हातातून जात नाही, आणि जे हातातून जात नाही ते डोक्यातही राहत नाही. मग दिवाळीला पुण्याहून लेक-जावई येतात, नवा टीव्ही भिंतीवर चढतो, किंवा छतावरील सौर संचाची वीजनिर्मिती फोनवर दाखवणारी छोटी कांडी जोडायला माणूस येतो, आणि त्या वेळी आई मुलाला म्हणते, "तूच टाकला होता नं बाप्पा", तर मुलाचे उत्तर असते, "मले का माईत, नेटवाल्यानं टाकला." या दोन वाक्यांत प्रश्नाचे निदान जवळपास पूर्ण होते : गुपित घरात आहे, पण ते माणसांजवळ नसून वस्तूंजवळ आहे.

हे गुपित कोणत्या जातीचे आहे हे आधी समजून घेतले, तर पुढचे बरेच कष्ट वाचतात. बँकेच्या किंवा ईमेलच्या खात्याचा पासवर्ड नीट बांधलेल्या व्यवस्थेत समोरच्या संगणकावर जसाच्या तसा ठेवलेला नसतो. तेथे 'हॅश' म्हणजे पासवर्डावर गणिती प्रक्रिया करून तयार केलेला, उलट दिशेने मूळ शब्दाकडे परत न नेणारा ठसा तेवढा असतो, आणि म्हणूनच 'पासवर्ड विसरलात?' या दुव्यावर बोट ठेवले की जुना पासवर्ड मिळत नाही, नवा ठरवावा लागतो. घरगुती वायफायची रचना वेगळी आहे. २००४ साली आलेल्या आणि आजही बहुतेक घरांत चालणाऱ्या डब्ल्यूपीए-२ या सुरक्षापद्धतीच्या घरगुती प्रकारात पासवर्डाला 'प्री-शेअर्ड की', म्हणजे आधीच वाटून ठेवलेली किल्ली, असे नाव आहे. राऊटर आणि फोन या दोघांजवळ तीच किल्ली असते. जोडणीच्या वेळी ती हवेतून पाठवली जात नाही. ८ ते ६३ अक्षरांचा तो शब्द आणि वायफायचे नाव ही दोन एकत्र करून त्यांवर ४,०९६ फेऱ्यांची गणिती घुसळण केली जाते, तीतून निघालेली लांबलचक किल्ली दोन्ही बाजू आपापल्या जागी वापरतात, आणि एकमेकींना ऐन वेळी निवडलेले आकडे पाठवून उत्तर जुळते की नाही एवढेच पाहतात. दोन्ही टोकांना किल्ली हवी असल्याने दोन्ही टोके ती जपून ठेवतात. बँकेच्या पासवर्डाच्या बाबतीत जे शक्य नसते, म्हणजे विसरलेला तोच शब्द पुन्हा वाचून घेणे, ते येथे शक्य होते ते यामुळे.

तेव्हा शोधाची पहिली पायरी राऊटर नव्हे; घरातील एखादे उपकरण अजून जोडलेले आहे का, हे पाहणे ही पहिली पायरी होय. ते बहुधा असतेच. २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर बोट ठेवून 'शेअर' निवडले, आणि अंगठ्याचा ठसा किंवा फोनचा पिन देऊन मालकी पटवली, की पडद्यावर क्यूआर कोड उमटतो. पाहुण्याने आपल्या फोनच्या कॅमेऱ्याने तो टिपला की त्याचा फोन जोडला जातो. पुष्कळ फोनांत कोडाखाली पासवर्ड अक्षरांतही छापलेला दिसतो. काही कंपन्यांच्या फोनांत तो दिसत नाही, आणि टीव्हीला कॅमेरा नसल्याने काम तेथेच खोळंबते. अशा वेळी कोडाचे छायाचित्र घेऊन ते कोड वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या सोयीने उघडले तर आतला मजकूर साध्या अक्षरांत मिळतो. याचे कारण असे की १९९४ मध्ये जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी घडवलेला हा चौकोन स्वतः काहीच लपवत नाही. सुरक्षेचा प्रकार, वायफायचे नाव आणि पासवर्ड हे तिन्ही अर्धविरामांनी वेगळे करून त्यात सरळ लिहिलेले असतात. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहावर असा चौकोन टाकणे आणि पासवर्ड टाकणे यांत त्यामुळे काडीचा फरक नाही, हे जाता जाता सांगायला हवे.

आयफोनने ही सोय उशिरा, २०२२ च्या आयओएस १६ मध्ये, दिली. तेथे वायफायच्या नावासमोरील माहितीच्या खुणेवर बोट ठेवून चेहरा किंवा पिन दाखवला की झाकलेला पासवर्ड उघडा होतो. विंडोजच्या लॅपटॉपवर वाट थोडी आडवळणाची असली तरी ती सर्वांत जुनी आहे : कंट्रोल पॅनेलमधील चालू जोडणीच्या गुणधर्मांत 'सिक्युरिटी' या भागात जाऊन 'शो कॅरेक्टर्स' या चौकटीत खूण केली की ठिपक्यांच्या जागी अक्षरे येतात. त्या लॅपटॉपवर साठवलेल्या जुन्या जोडण्याही पुसल्या गेलेल्या नसतात, त्यामुळे सध्या बंद असलेल्या वायफायचा पासवर्डही त्याच्या पोटातून काढता येतो. घरातील बिघडलेला, काच तडकलेला, चार्जरला लावल्यावरच जागा होणारा फोन या कामी अनेकदा नव्या फोनापेक्षा अधिक उपयोगी पडतो, आणि तो भंगारात देण्यापूर्वी त्यात काय साठले आहे हे पाहण्याची सवय वऱ्हाडातच काय, कोठेच फारशी दिसत नाही.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. एकाच डब्याशी तीन निरनिराळे पासवर्ड निगडित असतात आणि बोलताना तिन्हींना एकच नाव दिले जाते. पहिला वायफायचा, जो फोन आणि राऊटर यांच्यातला. दुसरा राऊटरच्या व्यवस्थापन पानाचा, जो डब्याची सेटिंगे बदलण्यासाठी लागतो. तिसरा पीपीपीओई या पद्धतीचा, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीकडे 'हा अमुक ग्राहक' अशी राऊटरची ओळख पटवणारा, जो ग्राहकाने कधी पाहिलेलाही नसतो. पहिला हरवल्यावर माणूस फोनवर तिसऱ्याची चौकशी करतो, समोरचा दुसरा सांगतो, आणि अर्धा तास कोणाचे काय चुकते आहे हे दोघांनाही कळत नाही.

घरात एकही जोडलेले उपकरण नसेल तर मात्र डब्याकडे वळावे लागते. डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर कारखान्यात ठरलेले नाव आणि पासवर्ड छापलेले असतात. जोडणी देणाऱ्याने ते बदलले नसतील तर काम तेथेच संपते. प्रत्यक्षात डबा भिंतीवर उलटा, पट्टी भिंतीकडे करून ठोकलेला असतो. तो उतरवताना पिवळ्या किंवा पांढऱ्या आवरणातील बारीक फायबरला झटका बसला, किंवा ती फार वाकवली गेली, तर आतला प्रकाश वाटेत गळतो, 'लॉस' नावाचा लाल दिवा लागतो आणि पासवर्डाचा प्रश्न बाजूला राहून जॉइंट मारणाऱ्या माणसाची वाट पाहणे सुरू होते. खुर्चीवर चढून फोनच्या कॅमेऱ्याने पट्टीचे छायाचित्र घेणे हा उपाय साधा आहे, आणि तोच सर्वांत शेवटी सुचतो. पट्टी निकामी ठरली तर लॅन तार, म्हणजे लॅपटॉप आणि राऊटर यांना थेट जोडणारी जाड तार, उपयोगी येते. कारण तारेने जोडताना वायफायचा पासवर्ड लागतच नाही. ती लावून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा पट्टीवर लिहिलेला दुसरा पत्ता टाकला की व्यवस्थापनाचे पान उघडते, आणि दुसरा पासवर्ड ठाऊक असेल तर पहिला तेथे वाचता येतो किंवा नवा ठेवता येतो.

नवा ठेवताना काय घडते याचा विचार क्वचितच होतो. पासवर्ड बदलताच घरातील प्रत्येक उपकरण बाहेर फेकले जाते. फोन विचारतो, म्हणून त्याचे लगेच कळते. पण दाराशी लावलेला कॅमेरा विचारत नाही, छतावरील सौर संचाची कांडी विचारत नाही, आणि आकडे यायचे थांबले आहेत हे महिन्याभराने लक्षात येते. ही कांडी बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्यावरच चालते, त्यामुळे ती नव्याने जोडताना नावाच्या शेवटी '५जी' लिहिलेले दुसरे वायफाय निवडून चालत नाही. त्या '५जी'चा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी संबंधही नाही, तो ५ गिगाहर्ट्झचा संक्षेप आहे. याच्या उलट, जुना पासवर्ड एखाद्या फोनमधून वाचून घेतला आणि नव्या राऊटरला तेच नाव व तोच पासवर्ड अक्षरशः जसाच्या तसा दिला, तर सगळी उपकरणे काही न कळता पूर्ववत जोडली जातात, कारण किल्ली नाव आणि पासवर्ड या दोहोंपासूनच तयार होते.

सर्वांत शेवटचा असायला हवा आणि प्रत्यक्षात सर्वांत आधी केला जातो तो उपाय म्हणजे 'रिसेट मारणे'. डब्याच्या मागील बारीक छिद्रात सेफ्टी पिन किंवा सिमकार्डाची सुई घालून आतले बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरले की डबा कारखान्यातून निघाला तसा होतो. पट्टीवरचा पासवर्ड पुन्हा लागू होतो हे खरे. पण पीपीपीओईची ओळख आणि कंपनीने भरलेली इतर सेटिंगेही त्याबरोबर पुसली जाऊ शकतात. काही कंपन्यांच्या डब्यांना ही सेटिंगे दुरून आपोआप परत मिळतात. जेथे ती हाताने भरलेली असतात तेथे मात्र वायफायची खूण पूर्ण दिसते आणि इंटरनेट येत नाही. अकोल्या-अमरावतीकडे शेवटच्या टप्प्यातील फायबर अनेकदा परिसरातील केबल व्यावसायिक सांभाळतो; बीएसएनएलची फायबर सेवाही अशा स्थानिक भागीदारांमार्फत घरांपर्यंत पोहोचते. ही व्यवस्था जवळची आणि ओळखीची असल्याने सोयीची आहे, पण तिचा अर्थ असाही होतो की रिसेटनंतरची दुरुस्ती एका माणसाच्या मोकळ्या वेळेवर अवलंबून राहते, आणि दोन मिनिटांचे वाचनाचे काम दोन दिवसांच्या प्रतीक्षेत बदलते. रिसेट ही पासवर्ड परत मिळवण्याची रीत नाही. ती तो सोडून देण्याची रीत आहे.

आणखी एक मार्ग पासवर्ड फोडण्याचा, आणि त्याच्या जाहिराती भरपूर असल्या तरी घरमालकाला त्याची गरज नसते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ नुसार मालकाच्या परवानगीविना दुसऱ्याच्या जाळ्यात अप्रामाणिकपणे शिरणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. तरीही फोडणे किती सोपे पडते याचा हिशेब उद्बोधक आहे, कारण तो घरोघरच्या निवडीवर भाष्य करतो. अकोल्याच्या गाडीचा क्रमांक पासवर्ड म्हणून ठेवला, तर 'एमएच ३०' हा आरंभ सर्वांना ठाऊक असतो आणि अमरावतीत त्याजागी २७ येतो. उरलेली दोन अक्षरे आणि चार आकडे मिळून ६७ लाख ६० हजार शक्यता होतात. जोडणीच्या क्षणीची देवाणघेवाण कोणी टिपून ठेवली असेल, तर खेळांसाठी विकले जाणारे ताकदवान ग्राफिक कार्ड सेकंदाला दहा लाखांहून अधिक शक्यता तपासते, म्हणजे सात सेकंदही लागत नाहीत. मोबाइल क्रमांक ठेवला तर ४०० कोटी शक्यता आणि सुमारे तासाभराचे काम. तेच बारा लहान इंग्रजी अक्षरे कोणताही अर्थ नसलेल्या क्रमाने लिहिली, तर याच वेगाने तीन हजार वर्षे लागतील. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ ने असा दुरून केलेला तपास अशक्य करण्याचा प्रयत्न केला आहे. जुने राऊटर मात्र घरात तसेच आहेत.

उघड्या वायफायची किंमत महाराष्ट्राने पाहिलेली आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमधील स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे गेलेल्या ईमेलचा माग नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरापर्यंत लागला होता, आणि त्या घरच्या वायफायचा वापर बाहेरच्या कोणी केल्याचे पुढे समोर आले. लक्षात राहत नाही म्हणून पासवर्डच काढून टाकण्याची सूचना ज्या घरांत होते, त्यांनी हा प्रसंग ध्यानात घ्यावा.

राहता राहिला प्रश्न तो पुन्हा न हरवण्याचा. पासवर्ड कागदावर लिहू नये असा जो सरसकट उपदेश केला जातो, तो कार्यालयासाठी ठीक आहे. घराच्या बाबतीत तो चुकीचा आहे. घरच्या वायफायला धोका आहे तो बाहेरून, आणि बाहेरच्या माणसाला कपाटातला कागद दिसत नाही. गाडीचा क्रमांक लक्षात ठेवण्यापेक्षा बारा अनोळखी अक्षरे लिहून ठेवणे केव्हाही बरे. ज्या फाइलमध्ये महावितरणची बिले, घरपट्टीची पावती आणि सातबारा लावलेला असतो, तिच्यातच तिन्ही पासवर्ड आपापल्या नावांनिशी लिहिलेला एक कागद लावावा. लहान-मोठी अक्षरे वेगळी ओळखू येतील अशी काढावीत, आणि शून्यावर तिरपी रेघ मारायला विसरू नये.