इनामगावची उंबरठ्याआतली दफने

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी, म. के. ढवळीकर यांच्या कामातून इ.स.पू. सुमारे 1600 ते 700 या काळातले एक अख्खे शेतकरी गाव उजेडात आले. या गावाला वेगळे स्मशान नव्हते. माणसे आपले मृत घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत.

सर्वाधिक दफने लहान मुलांची आहेत. दोन मातीचे कुंभ आडवे ठेवून त्यांची तोंडे एकमेकांना भिडवलेली, आत मूल आणि सोबत तोटीचे भांडे किंवा वाडगा. खड्डा घराच्या जमिनीतच खणायचा, बुजवायचा, वरून सारवायचे आणि संसार त्यावरच चालू ठेवायचा. अर्भकाला अग्नी न देता पुरण्याची रीत आजही आपल्याकडे आहे. मात्र आपण त्याला गावाबाहेर नेतो.

मोठ्यांना उत्तरेकडे डोके करून उताणे पुरत आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. मृताने भूत होऊन परतू नये म्हणून पाय तोडले, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. मला ते पटत नाही. ज्याची भीती वाटते त्याला कोणी आपल्या अंथरुणाखाली ठेवत नाही. त्याने घर सोडून कुठे जाऊ नये, हाच हेतू मला जास्त संभवनीय वाटतो.

एक दफन या सगळ्यांहून निराळे आहे. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर, शेजारी धान्याचे कोठार. या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण सापडला. त्याची एक बाजू गर्भिणीच्या पोटासारखी फुगीर आहे. आत सुमारे चाळिशीचा पुरुष मांडी घालून बसवलेला होता आणि त्याची पावले शाबूत होती. घर, कोठार आणि हा मान एकत्र पाहिले, की तो गावाचा प्रमुख असावा हा ढवळीकरांचा निष्कर्ष मान्य करावाच लागतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या लहानशा गावातही मृत्यूनंतर सगळे सारखे नव्हते.

लहान मुलांची जोडकुंभांतली दफने नेवासे आणि दायमाबाद इथेही मिळाली आहेत. गोदावरी-भीमेच्या खोऱ्यांत न खणलेली टेकाडे अजून आहेत, पण पांढरीची माती खत म्हणून शेतात नेण्याची पद्धत जुनी आहे आणि आता ती यंत्राने उचलता येते. तोंडाला तोंड लावलेले दोन कुंभ पहारीला लागले, तर ते फोडू नका. काम थांबवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.