घाट सोपा, माळ अवघड

सोलापूरहून निघालं की तासाभरात तुळजापूरचा घाट लागतो आणि लागला म्हणेपर्यंत संपतोही. वरंधा किंवा आंबेनळी चढलेल्या चालकाला इथे गिअर बदलायचं कारणही फारसं पडत नाही. स्पिती-लडाखच्या गप्पा मारणारा कॅम्परवाला तर बालाघाटाला डोंगर म्हणायलाच तयार होणार नाही. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर आहे आणि आजूबाजूचे माथे त्याहून फार उंच नाहीत. पण बालाघाटाची खोड याच सपाटपणात आहे. घाटात माणूस सावध असतो. घाट संपतो, रस्ता सरळ होतो, दोन्ही बाजूंना मोकळा माळ पसरतो, आणि अडचणी तिथून सुरू होतात.

गाडीतच झोपायचं, गाडीतच चहा करायचा आणि वाट फुटेल तिकडे जायचं, ही हौस आता महाराष्ट्रात चांगलीच रुजली आहे. करोनाच्या काळात हॉटेलं नकोशी झाली तेव्हा तिला जोर आला. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही जाहीर केलं. पैसेवाले टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, बेसिन आणि सोलर बसवून घेतात. बाकीचे इको किंवा बोलेरोच्या मागच्या भागात गादी अंथरून काम भागवतात. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेनुसार बिगर-वाहतूक वाहनांत मोडते, त्यामुळे तिला टॅक्सीसारखा परवाना लागत नाही. मात्र मूळ गाडीच्या सीटा काढून त्या जागी कायमचं फर्निचर ठोकलं, की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. असे बदल परिवहन कार्यालयाच्या मान्यतेशिवाय करता येत नाहीत. गाडी एमएच २५ असो की एमएच १२, अपघातानंतर विमा कंपनी पहिल्यांदा हेच तपासते. सुटी गादी आणि सुटा ओटा हा साध्या माणसाचा शहाणा मार्ग.

हरिश्चंद्रगडाकडून सह्याद्रीचा एक फाटा आग्नेयेला निघतो आणि अहिल्यानगर, बीड ओलांडून धाराशिव जिल्ह्यात उतरतो, तो बालाघाट. तो गोदावरी आणि भीमा या खोऱ्यांमधला जलविभाजक आहे. मांजरा आणि तेरणा गोदावरीची वाट धरतात. सीना आणि नळदुर्गची बोरी भीमेकडे जातात. म्हणजे एकाच माथ्यावर पडलेल्या सरीचं काही पाणी राजमहेंद्रीकडे जाणार आणि काही विजयपूर-कलबुर्गीच्या दिशेने. गाडी घेऊन फिरणाऱ्याला याचा अर्थ साधा आहे. तो कुठेही उभा असला तरी थोड्याच अंतरावर पाणी उताराला लागलेलं असतं, आणि बहुतेक उतार एखाद्या ओढ्यात जाऊन रस्ता कापतात.

आता हवामान. हा जिल्हा पर्जन्यछायेत येतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग महाबळेश्वर, लोणावळ्याच्या बाजूला मोकळे होतात आणि इकडे येईपर्यंत त्यांत फारसं काही उरत नाही. सह्याद्रीसारखं ढगांना अडवून पिळून काढण्याएवढी उंची बालाघाटाला नाही. त्यामुळे इथला पाऊस दोन गोष्टींवर चालतो. बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र पश्चिमेकडे सरकत आलं तर तो चार दिवस झोडपतो. एरवी जमीन तापून जागच्या जागी ढग उभे राहतात. हा दुसरा प्रकार कॅम्परवाल्याचा खास वैरी. एप्रिल-मेमध्ये सकाळी आभाळ निरभ्र असतं आणि दुपारी उकाडा असह्य होतो. तीनच्या पुढे एका कोपऱ्यात कोबीसारखा ढग फुगू लागतो. संध्याकाळी वारा उलटा फिरतो, धुळीचा लोट येतो आणि वळीव कोसळतो. एका शिवारात पाणी साचतं आणि शेजारच्या गावात मातीही ओली होत नाही. हा ढग दहा-बारा किलोमीटर उंच गेला, की त्यातल्या वर चढणाऱ्या झोतांत पाण्याचे थेंब पुन्हा पुन्हा गोठतात आणि गारा होऊन खाली येतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये मराठवाड्यावर अशा गारा दिवसामागून दिवस पडल्या. हातातोंडाशी आलेली ज्वारी, गहू आणि द्राक्षबागा मातीला मिळाल्या.

लहरीपणाची दोन टोकं पाहायची तर २०१६ चा उन्हाळा आठवावा. तेव्हा शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं आणि धाराशिवच्या गावोगावी टँकरपुढे रांगा होत्या. नऊ वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, याच जिल्ह्यातल्या परांडा-भूम भागात सीनेला आणि तिच्या ओढ्या-नाल्यांना असा पूर आला, की माणसं हेलिकॉप्टरने बाहेर काढावी लागली. जनावरं दावणीला बुडाली. शेतातली माती खरवडून गेली. त्या आठवड्यात सोलापूर-पुणे महामार्गावरची वाहतूकही सीनेच्या पाण्याने थांबली होती. ज्या जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस जेमतेम सातशे मिलिमीटरच्या आसपास, तिथे असं होईल हे शहरातून आलेल्या पर्यटकाच्या ध्यानीमनीही नसतं.

मग अंदाज कशासाठी, असं कुणी विचारेल. हवामान खात्याचा जिल्हानिहाय पिवळा किंवा नारिंगी इशारा ‘आज ढगांना भरतं येईल’ एवढं सांगतो. तो ढग येरमाळ्यावर फुटेल की तेरखेड्यावर, हे तो सांगत नाही आणि सांगूही शकत नाही. त्यासाठी पुढच्या तीन तासांपुरता ‘नाऊकास्ट’ पाहावा. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे ॲप केलं आहे. आपण उभे आहोत त्या ठिकाणाच्या आसपास वीज पडते आहे का, ते त्यात दिसतं. एकट्या चालकाची गोची अशी, की फोन बघायला शेजारी कुणी नसतं. म्हणून दुपारी तीन वाजता गाडी बाजूला घेऊन एकदा नकाशा आणि एकदा खरं आभाळ बघायचं, हा नेम पाळलेला बरा. ढाब्यावरच्या माणसाला विचारणंही कमीपणाचं नाही. ‘वरच्या अंगाला आभाळ उठलंय’ असं तो म्हणाला तर मुक्काम तिथेच करावा.

विजेचा हिशेब माळावर वेगळा होतो. उघड्या बरडावर, पवनचक्क्यांच्या रांगा सोडल्या, तर उंच वस्तू म्हणजे एखादं लिंब, तुमची गाडी किंवा तुम्ही. पत्र्याच्या बंद गाडीत माणूस बऱ्यापैकी सुरक्षित असतो. वीज धातूच्या सांगाड्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत उतरते. टायर रबराचे आहेत म्हणून वाचतो ही समजूत खोटी. वाचवतो तो पत्रा. त्यामुळे काचा वर घ्याव्यात आणि दाराच्या धातूला व चार्जरच्या वायरला हात लावू नये. पण गाडीच्या टपावर उघडणारे जे तंबू हल्ली मोठ्या हौसेने लावले जातात, त्यांत हे संरक्षण नाही. फायबरच्या टपाखालीही ते धरून चालू नये. चमक आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजून तीनने भागले, की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळतं. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर खुर्ची, शेगडी, चहा सगळं जागेवर टाकून आत बसावं.

विजेपेक्षाही फसवा आहे तो फरशी पूल. बालाघाटाच्या माथ्यावर मातीचा थर पातळ आणि खाली काळा पाषाण. पाऊस मुरत नाही, घसरतो. वरच्या डोंगरात तासभर सर झाली, की खालच्या कोरड्या ओढ्याला काही मिनिटांत गढूळ लोंढा येतो. मुक्कामाच्या ठिकाणी मात्र तेव्हा चांदणं पडलेलं असू शकतं. पाणी फरशीवरून जेमतेम गुडघ्याखाली वाहताना दिसतं आणि चालकाला वाटतं, एवढ्याने काय होतंय! वाहत्या पाण्याला फूटभर खोलीही छोटी मोटार ढकलायला पुरते. दोन फूट असेल तर जीपसुद्धा तरंगत वाहून जाते. शिवाय खालची फरशी जागेवर आहे की वाहून गेली, हे गढूळ पाण्यातून दिसत नाही. अशा ओढ्यांचं पाणी बहुधा दोन-चार तासांत उतरतं. एकट्याने निघालेल्याला कुणाची घाई नसते, हा त्याचा मोठा फायदा. तो इथे वापरावा.

आणि काळी माती. कोरडी असते तेव्हा तिच्या भेगांत हात जातो. ओली झाली की हीच माती फुगते आणि चाकाला धरते. पहिल्या दहा पावलांत टायरची नक्षी बुजते. पुढच्या वीस पावलांत चिखलाचा थर मडगार्डला लागतो आणि चाक गोल फिरण्याऐवजी घासत सरकू लागतं. फोर-बाय-फोर असली तरी रुतते, फक्त जरा पुढे जाऊन रुतते. ट्रॅक्टर येईपर्यंत मग बसून राहायचं. म्हणून संध्याकाळी गाडी लावताना बूट टेकवून जमीन बघावी. पायाखाली मुरूम करकरला तर ठीक. ढेकूळ दबलं तर मागे फिरावं. मेंढपाळ पाल ठोकायला आणि मेंढरांची वाघर लावायला ओढ्याकाठची हिरवळ सोडून वरची मुरमाड जागा का धरतात, ते अशा वेळी लक्षात येतं.

या मुलखात तंबू ठोकून फिरणं काही नवं नाही. १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांकडे सोपवलेल्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार मेडोज टेलर याच्याकडे आला. ठगांवरच्या कादंबरीने १८३९ मध्येच गाजलेला हा लेखक-अधिकारी १८५७ पर्यंत या भागात होता. पुढे त्याने १८६३ मध्ये ‘तारा’ ही कादंबरी लिहिली, तिची सुरुवातच तुळजापुरात होते. त्या काळचे अधिकारी थंडीत तंबू घेऊन दौरा करत आणि पावसाळ्यात मुख्यालयी बूड टेकवून बसत. हातात उपग्रहाचं चित्र नसलेल्या लोकांचं हे वेळापत्रक आजही मोडीत काढण्यासारखं नाही.

नळदुर्गातच बेभरवशाच्या पाण्याला दिलेलं जुनं उत्तर उभं आहे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर धरणाची भिंत घालून तिच्या पोटात पाणी महाल बांधला. नदी फुगली की पाणी ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन सांडव्यांवरून कोसळतं. त्याच वेळी भिंतीतल्या दालनात उभा असलेला माणूस कोरडा राहतो आणि खिडकीसमोरून पाण्याचा पडदा पडताना पाहतो. पूर कधी येईल हे त्या बांधकाम करणाऱ्यांनाही माहीत नव्हतं; आला तर कुठून जाईल, एवढं त्यांनी आधी ठरवून ठेवलं. जिल्ह्यात पावसाळ्यात एकच ठिकाण पाहायचं असेल तर हे पाहावं. मात्र धबधबा चालू असताना रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही.

थंडीतली रात्र येडशीला काढावी, असं अनेकांच्या मनात येतं. सुमारे २२ चौरस किलोमीटरचं रामलिंग घाट अभयारण्य महामार्गाला लागूनच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे एक एकटा प्रवासी येऊन ठेपला. यवतमाळच्या टिपेश्वरहून साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालत आलेला वाघ! शेतं, महामार्ग, रेल्वेरूळ आणि वस्त्या ओलांडून तो बालाघाटात पोचला. नंतर बार्शीच्या बाजूलाही फिरत राहिला. त्याला पकडायला आलेल्या पथकांना त्याने बराच काळ झुलवलं. अभयारण्यात परवानगीशिवाय रात्र काढणं वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहेच. वाघाच्या बातमीनंतर आसपासच्या गावांत अंधारात अनोळखी गाडी दिसली आणि लोक काठ्या-बॅटऱ्या घेऊन चौकशीला आले, तर त्यांचा दोष नाही.

रात्रीसाठी तुळजापूर-येरमाळ्यासारख्या देवस्थानांच्या परिसरात किंवा मोठ्या पेट्रोल पंपावर, अर्थातच विचारून, गाडी लावता येते. गावात थांबायचं तर सरपंच किंवा पोलीस पाटलाच्या कानावर घालावं. पुष्कळदा पाठोपाठ भाकरी आणि शेंगदाण्याची चटणीही येते. महामार्गाच्या कडेला, सुनसान जागी झोपणं टाळावं. धावत्या ट्रकवर चढून माल लांबवल्याच्या बातम्या या पट्ट्यातून येत असतात. आणि बंद गाडीत शेगडी पेटवून किंवा इंजिन चालू ठेवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि एकट्या माणसाला हलवून उठवायला शेजारी कुणी नसतं. निघताना घरी मुक्कामाचं गाव कळवावं. मोबाइलमध्ये ११२ आणि महामार्गासाठी १०३३ हे क्रमांक हाताशी ठेवावेत.

नवरात्र उलटल्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ या फेरीला सगळ्यांत चांगला. पाणवठे भरलेले, माळ अजून पिवळा पडायचा, आणि वळिवाची भीती नाही. फक्त अश्विन पौर्णिमेची तारीख आधी पाहून ठेवावी. त्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर पायी जाणाऱ्या भाविकांची रीघ लागते, वाहनांना तो रस्ता बंद केला जातो आणि वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवली जाते.