सिंह आणि कोकरू
प्राणिप्रतीकांचे अर्थ कोशात कायमचे ठरवून ठेवता येत नाहीत, हे बायबलातील सिंहावरून दिसते. पेत्राच्या पहिल्या पत्रात गर्जणारा सिंह म्हणजे सैतान; प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात यहूदा वंशाचा सिंह म्हणजे साक्षात ख्रिस्त. तेथेही घोषणा होते सिंहाची, आणि योहानाच्या दृष्टीस पडते वधलेले कोकरू! आत्मार्पण हेच खरे सामर्थ्य, हा त्यातील मर्मार्थ. सी. एस. लुईस यांच्या नार्नियाकथांत हाच धागा आहे. १९५० च्या कथेत अस्लान हा सिंह अपराधी मुलासाठी प्राण देऊन पुन्हा उठतो; १९५२ च्या कथेत कोकरूच सिंहरूप धारण करते. म्हणून ‘सिंह म्हणजे शौर्य’ एवढ्यावर अध्यापकांनी थांबू नये. प्रतीकाचा अर्थ प्रसंगालाच विचारावा, असे आम्हांस वाटते.