उन्हाळ्यात बिघडते ब्रॉयलरच्या खाद्याचे गणित

पूर्णा (जि. परभणी) : शहरातील ग्राहकाला कोंबडीचा दर दिसतो, ती पोसणाऱ्या शेतकऱ्याचे लक्ष मात्र खाद्याच्या पोत्यावर असते. ब्रॉयलर, म्हणजे बोलीभाषेतील 'बॉयलर' कोंबडीच्या उत्पादनखर्चात खाद्याचा वाटा साधारणपणे ६५ ते ७० टक्के असतो. सुमारे ४० ग्रॅम वजनाचे पिल्लू सहा आठवड्यांच्या आत दोन किलोंचे होते आणि तोवर तीन-सव्वातीन किलो खाद्य फस्त करते. ही वाढ संप्रेरकांच्या इंजेक्शनमुळे होते, हा शहरी समज निराधार आहे. हजारो पक्ष्यांना इंजेक्शने देत बसणे कोणालाही परवडणारे नाही. खरे कारण निवडक पैदाशीत आणि मका व सोयापेंडीच्या, वयानुसार बदलणाऱ्या मिश्रणात आहे.

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हे गणित कोलमडते. कोंबडीला घामग्रंथी नसतात. चोच उघडी ठेवून, धापा टाकत ती अंगातील उष्णता बाहेर टाकते. त्यातच अन्न पचतानाही उष्णता निर्माण होते. सकाळी उशिरा पोटभर खाल्लेल्या पक्ष्यात ती नेमकी भर दुपारी वाढते. म्हणून जाणकार कुक्कुटपालक ऊन चढण्यापूर्वीच खाद्याची भांडी वर उचलतात आणि पहाटे व रात्री खाद्य देतात. थंड पाणी मात्र अखंड हवे. छतावर पाण्याचे फवारे, बाजूंना ओले गोणपाट हे उपाय आहेतच. पण वीज गेली की पंखे आणि पंप दोन्ही थांबतात.

करार पद्धतीत पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीची, तर शेड, मजुरी व वीज शेतकऱ्याची असते. किलोमागे मिळणारा मोबदला एक किलो वजनासाठी किती खाद्य लागले, यावर बऱ्याच अंशी ठरतो. पहिल्या आठवड्यात दगावलेल्या पिलाने फारसे खाल्लेले नसते. अडतिसाव्या दिवशी उष्माघाताने मेलेला पक्षी मात्र सुमारे तीन किलो खाद्य संपवून गेलेला असतो. ते उरलेल्या पक्ष्यांच्या हिशेबात चढते आणि शेतकऱ्याचा दर घसरतो.

स्वतंत्रपणे व्यवसाय करणाऱ्याला सोयापेंडीच्या भावाचीही झळ बसते. भाव भडकल्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी दिली. कुक्कुटपालकांना दिलासा मिळाला; सोयाबीन उत्पादकांनी मात्र या निर्णयास विरोध केला. परभणी जिल्ह्यात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीनच असल्याने, ज्यांच्या शेतात शेडही आहे, त्यांची पंचाईत झाली.