पत्ता चुकला तर?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चंच आहे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. पण हा प्रश्न मला आजीने मराठीतच विचारला होता! ती रोज इन्सुलिनचं इंजेक्शन घेते. एकदा म्हणाली, "तुमच्या अंगात हे आपोआप बनतं ना, मग ते रक्तात पोचतं कसं गं?" मी गप्पच बसले. मग शोधलं.

पेशीत हजारो प्रकारची प्रथिनं बनतात. कुणाला केंद्रकात जायचं असतं, कुणाला मायटोकॉन्ड्रियात, कुणाला थेट पेशीबाहेर. वाट दाखवायला हवालदार कुणी नाही. रॉकफेलर विद्यापीठातल्या गुंटर ब्लोबेल यांनी १९७१ मध्ये डेव्हिड सबातिनी यांच्यासोबत कल्पना मांडली, की पत्ता प्रथिनातच लिहिलेला असतो. पुढे प्रयोगांनी ती खरी ठरली आणि १९९९ मध्ये ब्लोबेल यांना नोबेल मिळालं.

इन्सुलिनचंच बघा. त्याच्या साखळीतली पहिली २४ अमिनो आम्लं म्हणजे पत्ता. रायबोसोममधून हा तुकडा बाहेर डोकावला, की एसआरपी नावाचा कण त्याला पकडतो आणि रायबोसोमसकट एंडोप्लाझमिक रेटिक्युलमच्या दारात नेतो. साखळी आत सरकते आणि पत्ता कापून टाकला जातो. तिथून गॉल्जीमार्गे इन्सुलिन पेशीबाहेर, रक्तात! कॉम्प्युटरवाल्यांनो, पॅकेटचा हेडर आठवला ना? पोचल्यावर तोही काढूनच टाकतात.

प्रत्येक पत्ता मात्र सुरुवातीला नसतो. पेरॉक्सिसोमला जाणाऱ्या बऱ्याच प्रथिनांचा पत्ता शेवटच्या फक्त तीन अमिनो आम्लांत असतो. केंद्रकाचा पत्ता तर कापलाही जात नाही.

आणि पत्ता चुकला तर? यकृतात एजीटी नावाचं एक एन्झाइम असतं, त्याची जागा पेरॉक्सिसोममध्ये. काही जणांत जीनमधल्या दोन बारीक बदलांमुळे ते मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसतं. गंमत म्हणजे तिथेही ते काम करू शकतं, पण ज्यावर काम करायचं ते तिथे नसतं. मग शरीरात ऑक्झलेट साठतं, मुतखडे होतात, मूत्रपिंडं निकामीसुद्धा होतात. म्हणजे माणूस कामाचा, पण पोस्टिंग चुकीचं!

आजीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे नुसतं हुशार असून भागत नाही, योग्य जागी पोचावंही लागतं." कॅम्पस इंटरव्ह्यू तोंडावर आलेत, त्यामुळे हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.